पप्पांची ईको आणि माझा काळा डबा

सुरुवातीलाच एक कबुली देते. दहावीपर्यंत माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. 'एकोणऐंशी' म्हणजे सेव्हंटी नाइन की एटी नाइन, हे ठरवायला मला अजूनही दोन सेकंद लागतात! मॅगझिनच्या नोटिशीवर रूममेटने परस्पर माझं नाव मराठी विभागात लिहून टाकलं, तेव्हा मी तिच्याशी एक दिवस बोलले नाही. (दुसऱ्या दिवशी मेसमध्ये पावभाजी होती, तेव्हा अबोला सुटला.) मग विचार केला, मला जी गोष्ट सांगायची आहे ती सगळी मराठीतच घडली आहे. इंग्रजीत लिहिली तर त्यातली निम्मी माणसं मुकी होतील. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या आणि वाचा.

मी श्रीरामपूरची. जिल्हा अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर. हॉस्टेलवर कुणी "कुठली गं तू?" असं विचारलं आणि मी गावाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "शिर्डीजवळ ना?" हो बाबा, शिर्डीजवळच. पण रेल्वेने यायचं असेल तर श्रीरामपूर नावाचं स्टेशन शोधत बसू नका. गाव श्रीरामपूर, आणि भर गावातल्या स्टेशनचं नाव बेलापूर! १८७८ साली दौंड-मनमाड लाइन सुरू झाली तेव्हा जवळचं मोठं गाव म्हणजे प्रवरेकाठचं बेलापूर. स्टेशनला त्याचं नाव मिळालं आणि त्या स्टेशनच्या भोवती पुढे आमचं श्रीरामपूर वाढलं. त्यामुळे नवखा माणूस इथे उतरला की पहिली पाच मिनिटं आपण बरोबर उतरलो की नाही याच काळजीत असतो.

अशा काळजीत पडलेल्या माणसांवरच आमचं घर चालतं. स्टेशनच्या बाहेर टुरिस्ट गाड्या उभ्या असतात, त्यात एक पांढरी ईको पप्पांची. २०१२ चं मॉडेल. शिर्डी, शनिशिंगणापूर, नेवासा, देवगड हे पप्पांचे रोजचे रस्ते. पूर्वी म्हणे गाडी फलाटाला लागली की बाहेर नंबर लावायला वेळ मिळायचा नाही. मग २००९ मध्ये पुणतांब्याहून फाटा काढून साईनगर शिर्डी स्टेशन झालं, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये काकडीला विमानतळ सुरू झाला. शिर्डीला जाणारी पुष्कळ माणसं आता थेट शिर्डीतच उतरतात. जी आमच्याकडे उतरतात त्यांच्या हातात मोबाइल असतो आणि मोबाइलमध्ये मॅप असतो. खरी गोष्ट या मॅपपासूनच सुरू होते.

मी फर्स्ट इयरला असतानाची दिवाळीची सुट्टी. बंगळुरूचं एक कुटुंब दोन दिवसांसाठी पप्पांच्या गाडीत होतं. त्यांना मराठी येत नव्हतं, हिंदी जेमतेम. पप्पा म्हणाले, "बाळा, तू चल सोबत, तुझं इंग्लिश कधी कामाला येणार?" मी ऐटीत पुढच्या सीटवर बसले. पहिला दिवस मस्त गेला. दुसऱ्या दिवशी शिर्डीहून परत स्टेशनला यायचं होतं, संध्याकाळची गाडी होती. पप्पांचा नेहमीचा रस्ता म्हणजे राहाता, बाभळेश्वर आणि तिथून श्रीरामपूर. राहाता आलं तसे मागचे गृहस्थ मोबाइल पुढे करून म्हणाले, मॅप तर इथून चितळीच्या बाजूने दाखवतोय, अंतर कमी आहे, हा माणूस आम्हाला लांबून का नेतोय? बोलले ते माझ्याशी, इंग्रजीत. पण सूर असा होता की भाषा न येणाऱ्यालाही कळावं.

आणि मी काय केलं? मी मोबाइल हातात घेतला, बघितलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "पप्पा, खरंच जवळचा आहे हो. घ्या ना इकडून."

पप्पांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गाडी वळवली. एक शब्द बोलले नाहीत.

आदल्या रात्री परतीचा पाऊस झाला होता. आमच्याकडची जमीन काळी. प्रवरेचं पाटपाणी, त्यावर ऊस आणि त्या उसाच्या मधून जाणारे आतले रस्ते. पाऊस पडला की त्या रस्त्यांचं काय होतं हे त्या मॅपला ठाऊक नव्हतं, आणि कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मलाही नव्हतं. पुढे पाटाच्या कडेला उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला एक ट्रॅक्टर रुतून बसला होता. पुढे जाता येईना, आणि मागे वळवायला जागा नाही. पाऊण तास गेला. आम्ही स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी गेली होती. ते गृहस्थ मलाच ऐकवून म्हणाले की ड्रायव्हरला रस्ते माहीत असायला हवेत. पप्पांनी ठरलेल्या भाड्यातले निम्मे पैसे परत केले आणि स्टेशनजवळच्या लॉजवर त्यांची सोय लावून दिली. मॅपचा रस्ता मीच घ्यायला लावला, हे मी त्यांना इंग्रजीत सांगू शकले असते. वाक्य सोपं होतं. पण मी ते बोलले नाही.

घरी येताना पप्पा एवढंच म्हणाले, "मॅपचं काही चुकलं नाही गं. रात्री पाऊस झाला हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं." मम्मीने विचारलं, भाडं कमी कसं आलं? पप्पा म्हणाले, गिऱ्हाईक जरा अडचणीत होतं.

हे वाक्य पुढे दोन वर्षं माझ्या डोक्यात राहिलं. सबमिशनच्या रात्री जागताना, केटीचा रिझल्ट बघताना, मध्येच आठवायचं. सॉरी म्हणायला हवं होतं. पण आपल्याकडे मुली बापाला सॉरी म्हणतात का? शाळेत दिवसातून दहा वेळा म्हणायचो. घरी त्या शब्दाला जागाच नव्हती.

मग मागच्या वर्षी एक सीनियर पास होऊन जाताना आपलं सामान विकत होता. त्यात एक रास्पबेरी पाय ३ होता आणि त्यालाच जोडायचा ७ इंची टचस्क्रीन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, रास्पबेरी पाय हा पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर. २०१२ साली ब्रिटनमध्ये पहिला निघाला, शाळेतल्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून. मी दोन्ही वस्तू घेतल्या. दोन महिन्यांचा वडापाव त्यात गेला. मिनी प्रोजेक्ट म्हणून मॅडमना विषय सांगितला, गाडीतली इन्फोटेनमेंट सिस्टिम. मॅडम म्हणाल्या, बाजारात तयार मिळते की! मिळते, पण तयार आणून लावली असती तर ती मी केली असं झालं नसतं. हे अर्थात मी मॅडमना सांगितलं नाही. तिथे 'लो कॉस्ट' असं सांगितलं.

आता थोडी इंजिनिअरिंगची बडबड. कंटाळा आला तर दोन परिच्छेद गाळून पुढे जा, पण मेकॅनिकलवाल्यांनी मुद्दाम वाचावी!

नव्या गाड्यांमध्ये फोन जोडला की समोरच्या स्क्रीनवर मॅप, गाणी, कॉल येतात, त्याला अँड्रॉइड ऑटो म्हणतात. गूगलने ते २०१४ मध्ये जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी ते लोकांच्या हातात आलं. (आयफोनवाल्यांचं कारप्ले वेगळं.) मला आधी वाटायचं की एवढं सगळं करायचं तर गाडीच्या स्क्रीनमागे केवढा मोठा कॉम्प्युटर असेल. वाचत गेले तसं कळलं की तसं काहीच नसतं. सगळं डोकं फोनमध्ये. रस्ता शोधतो फोन, चित्र काढतो फोन, आणि ते चित्र व्हिडिओसारखं दाबून लहान करून यूएसबीच्या वायरीतून पाठवतोही फोनच. गाडीतल्या डब्याने तो व्हिडिओ उलगडून फक्त दाखवायचा. स्क्रीनवर बोट लावलं की बोट अमुक ठिकाणी लागलं एवढा निरोप उलट फोनला द्यायचा. आवाजासाठी वेगळ्या वाटा असतात, गाण्याची एक आणि रस्ता सांगणाऱ्या बाईंची दुसरी, म्हणून बाई बोलायला लागल्या की गाणं आपोआप हळू होतं. जत्रेतल्या तंबू थिएटरसारखा प्रकार म्हणा ना. गाडीत असतो तो नुसता पडदा, प्रोजेक्टर खिशातल्या फोनमध्ये.

हा पडदा कसा बनवायचा हे कंपन्यांशिवाय बाहेरच्या कुणालाही सहज करता येऊ लागलं ते २०१८ च्या सुमारास. ओपनऑटो नावाचा प्रोग्रॅम कुणालाही फुकट वापरता येईल असा खुला झाला आणि त्यावरून क्रँकशाफ्ट नावाची तयार सिस्टिमही निघाली, कार्डवर उतरवा आणि गाडीत लावा. शहाण्या माणसाने तीच घ्यावी. मी पडले हुशार! म्हटलं, स्वतः सगळं कंपाइल करून बसवणार. हॉस्टेलच्या टेबलावर तो इवलासा पाय रात्रभर कंपाइल करत बसला, दोनदा मेमरी कमी पडून अडकला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे एकदाचा स्क्रीन उजळला. स्क्रीन ८०० बाय ४८० पिक्सेलचा, आणि अँड्रॉइड ऑटोचं सगळ्यात लहान चित्रही बरोबर तेवढंच. टाचणीएवढीसुद्धा पट्टी रिकामी राहिली नाही. मी रूममेटला उठवलं. ती म्हणाली, "छान आहे, झोप आता."

टेबलावर चालणं वेगळं आणि गाडीत चालणं वेगळं. मे महिन्यात डबा घेऊन घरी गेले तेव्हा पप्पांना काहीच सांगितलं नव्हतं. मिठाईच्या प्लॅस्टिकच्या डब्याला काळा रंग मारून त्यात सगळं बसवलं होतं. पप्पांनी तो हातात घेऊन उलटासुलटा बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "फ्यूज टाकलाय का?"

टाकला नव्हता. तीन वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकून मी गाडीच्या बॅटरीला विना फ्यूज वायर जोडायला निघाले होते. पप्पांनी गप्पकन किल्ली काढून घेतली, सायकलवर जाऊन फ्यूजचा होल्डर आणि ३ अँपिअरचे दोन फ्यूज आणले, मग किल्ली परत दिली.

पुढचे आठ दिवस मी शिकत होते आणि पप्पा बघत होते. पायला हवेत ५ व्होल्ट. गाडीची बॅटरी १२ ची, आणि इंजिन चालू असताना तीच १४ च्या आसपास जाते. मी आधी सिगारेट लायटरमध्ये घालायचा एक स्वस्तातला चार्जर लावला. स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह लुकलुकायला लागलं. पायला मिळणारे व्होल्ट ४.६३ च्या खाली गेले की ते येतं, हे मी वाचलं होतं, पण समजावून सांगायला तोंड उघडायच्या आत पप्पा म्हणाले, "करंट कमी पडतोय याला." मग स्टिरिओच्या मागच्या वायरीतून थेट सप्लाय घेतला आणि ३ अँपिअरचा कन्व्हर्टर बसवला. पिवळी वायर बॅटरीची, लाल किल्लीची, काळी अर्थिंगची. हे रंग पप्पांना पाठ, मला कागदावर लिहून घ्यावे लागले.

मग दुसरी अडचण. किल्ली फिरवली की डबा चालू व्हायचा आणि सेल्फ मारला की बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू. सेल्फ मारताना बॅटरीवर एवढा लोड येतो की बाकीच्या वस्तूंचा सप्लाय तेवढ्यापुरता तोडलेलाच असतो. मी रिले आणि टायमर लावून सर्किट काढत बसले. पप्पा म्हणाले, "एक बटण लाव. गाडी चालू झाली की मी दाबीन. टायमर बिघडला तर तुला हॉस्टेलवर फोन करत बसू का?" बटण लावलं.

तिसऱ्या दिवशी डबा चालूच होईना. पप्पा किल्ली काढायचे तेव्हा पायचा सप्लाय एकदम तुटायचा आणि त्याच क्षणी तो कार्डवर काही लिहीत असेल तर कार्ड बिघडायचं. घरच्या कॉम्प्युटरला आपण शटडाउन करतो, गाडीला कोण करणार? शेवटी कार्ड 'फक्त वाचण्यासाठी' असं लॉक केलं. पायच्या सेटिंगमध्येच ओव्हरले नावाची ती सोय असते. आता कितीही वेळा किल्ली काढा. डबा कुठे ठेवायचा यावर मात्र माझं काही चाललं नाही. मी म्हणत होते सीटखाली. पप्पा म्हणाले, "ईकोचं इंजिन कुठे असतं गं?" पुढच्या सीटखालीच! बिचारा पाय ८० डिग्रीच्या पुढे गेला की स्वतःहून हळू चालायला लागतो, आणि मे महिन्यात स्टेशनसमोर उन्हात उभी असलेली गाडी काय तापते ते आमच्या गावच्यांनाच विचारा. मग डब्याला भोकं पाडून तो डॅशबोर्डच्या डाव्या अंगाला, समोरची काच अडणार नाही असा, पत्र्याच्या पट्टीवर बसवला.

हे सगळं झालं आणि खरी परीक्षा पुढेच होती. आवाज! डब्यातून स्टिरिओच्या ऑक्सला वायर जोडली की स्पीकरमधून बारीक शिट्टी यायची. इंजिन बंद असताना नाही, चालू असताना. अ‍ॅक्सिलेटर दिला की शिट्टी चढायची, सोडला की उतरायची. मी दोन दिवस प्रोग्रॅममध्ये चूक शोधली. वायर बदलली, फोन बदलला. शेवटी पप्पा मला नेवासा रोडला एका चाचांकडे घेऊन गेले. गाडीच्या वायरिंगचं त्यांचं काम, पप्पांची जुनी ओळख. चाचांनी माझा डबा उघडलासुद्धा नाही. पप्पांना म्हणाले, "अ‍ॅक्सिलेटर द्या." ऐकलं. "सोडा." ऐकलं. मग मला विचारलं, "बेटा, अर्थिंग किती ठिकाणी घेतलंय?"

मी म्हटलं, दोन. स्टिरिओचं त्याच्या जुन्या बोल्टवर आहे, माझ्या कन्व्हर्टरचं दुसऱ्या.

"मग डायनामो गाणारच ना!"

आणि तिथे, त्या ऑइलच्या डागांच्या फरशीवर उभी असताना, माझी ट्यूब पेटली. ग्राउंड लूप! त्याच सेमिस्टरला मी हे उत्तर सहा मार्कांना लिहून आले होते, आकृतीसह. दोन ठिकाणच्या ग्राउंडमध्ये व्होल्टेजचा किंचित फरक असतो, ऑडिओच्या वायरीची जाळी त्या दोघांना जोडते आणि अल्टरनेटरची भुणभुण त्या वाटेने स्पीकरमध्ये शिरते. सहापैकी साडेपाच मिळाले होते. पण 'ग्राउंड' हा शब्द माझ्या डोक्यात कागदावर काढायच्या तीन आडव्या रेघांपुरताच होता. चाचांचं 'अर्थिंग' म्हणजे एक खरा बोल्ट, त्याच्यावरचा रंग आणि त्याच्याखालचा गंज. त्यांनी पॉलिश पेपर दिला, बोल्टखालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासायला लावला आणि दोन्ही काळ्या वायरी थिंबल मारून त्याच एका बोल्टखाली घ्यायला सांगितल्या. "घरी जाऊन तूच कर," म्हणाले, "म्हणजे विसरणार नाहीस." पैसे घेतले नाहीत. चहा मात्र पाजला.

त्या संध्याकाळी आमच्या दारात मी पाय सीटवर आणि डोकं डॅशबोर्डखाली अशा अवस्थेत पडले होते. पप्पा बाहेरून टॉर्च धरून उभे. मला त्यांचे फक्त चपला घातलेले पाय दिसत होते. बहुतेक म्हणूनच बोलता आलं.

"पप्पा, त्या दिवशी मी बोलायला नको होतं."

"कुठल्या दिवशी?"

"ते बंगळुरूचे लोक. चितळीचा रस्ता."

टॉर्च जरा हलली. मग पुन्हा बोल्टवर स्थिर झाली.

"दहाचा पाना देऊ का?" पप्पांनी विचारलं.

"द्या."

त्यांनी पाना दिला. मी बोल्ट आवळला. गाडी चालू केली, गाणं लावलं, अ‍ॅक्सिलेटर दिला. शिट्टी गेली होती. पप्पांनी गाणं पूर्ण ऐकलं आणि मग म्हणाले, "मी पण वळवायला नको होती. तुला वाईट वाटेल म्हणून वळवली."

मी हे लिहून काढतेय तेव्हाही मला कळत नाही की यावर काय बोलायचं असतं. मी तेव्हाही काही बोलले नाही. हात काळे झाले होते म्हणून धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी चाचणी. पप्पांच्या फोनची भाषा मी मराठी करून दिली. २०२१ पासून गूगलच्या मॅपवर ठिकाणांची नावं मराठीतही दिसायला लागली आहेत, त्यामुळे राहाता, पुणतांबा, टाकळीभान अशी ओळखीची गावं स्क्रीनवर मराठीत आली तेव्हा पप्पा चष्मा लावून वाचत बसले. मी ऐटीत म्हटलं, आता आपण घरून स्टेशनला जाऊ, आणि 'बेलापूर' टाकलं. डब्याने क्षणभर विचार केला आणि आम्हाला थेट नवी मुंबईला न्यायला निघाला! पप्पा इतके हसले की मम्मी बाहेर आली. "तुझ्या डब्याला सांग," म्हणाले, "डिझेलचं भाडं कोण देणार?" आमची ईको पेट्रोलवर चालते, पण विनोदाला चालतं.

तो डबा आता गाडीत आहे. त्यामुळे धंदा दुप्पट झाला वगैरे काही नाही. विमानाने येणारा माणूस डबा बघायला बेलापूरला उतरणार नाही. झालंय ते एवढंच, की स्क्रीन आता सगळ्यांना दिसतो. त्याच सुट्टीत एका शनिवारी मी सोबत होते. मागे पुण्याचं एक जोडपं. मॅप शिंगणापूरचा सरळ रस्ता दाखवत होता. पप्पांनी स्क्रीनकडे बोट केलं आणि म्हणाले, "हा रस्ता जवळचा आहे, बघा. पण शनिवार आहे, पुढे गर्दी लागेल. मी दुसरीकडून घेतो, चार किलोमीटर जास्त पडतील. चालेल?" ते म्हणाले, चालेल. गाडी वळली. मॅपवरच्या बाईंनी परत फिरा म्हणून दोनदा सांगितलं, मग निमूट नवीन रस्ता काढला आणि पप्पांच्या मागे मागे यायला लागल्या. मागचे लोक आपला निळा ठिपका सरकताना बघत शांत बसले होते. रात्री मी विचारलं, "मग, उपयोग होतो का?" पप्पा म्हणाले, "मला नाही लागत गं. पण मागे बसलेल्यांना कळतं की आपण कुठून चाललोय. विचारायच्या आधी मीच सांगून टाकतो."

मी हा डबा पप्पांना रस्ता दाखवायला म्हणून बनवला होता, निदान प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये तरी तसंच लिहिलं होतं. ओरलला एक्स्टर्नल सरांनी विचारलं, याची अ‍ॅक्युरसी किती? मी म्हटलं, सर, पाऊस नसेल तर चांगली आहे. सर हसले. मार्क बरे पडले.

असो! कुणाला आपल्या घरच्या गाडीत असा डबा बसवायचा असेल तर लेडीज हॉस्टेलच्या गेटवर निरोप ठेवा, वायरिंगचा कागद झेरॉक्स करून देईन. कन्व्हर्टर चांगला घ्या, फ्यूज विसरू नका, कार्ड लॉक करा, अर्थिंग एकाच बोल्टवर घ्या. आणि गाडीत व्हिडिओ लागतो का असं विचारू नका. चालत्या गाडीत अँड्रॉइड ऑटो तो दाखवत नाही, आणि ते बरंच आहे.

परवा रविवारी पप्पांचा फोन आला. डबा सकाळपासून बंद पडत होता म्हणे. मी कॉरिडॉरमध्ये धावत आले, रेंज तिथेच मिळते. "पप्पा, आतली लाल लाइट स्थिर आहे का मिणमिणतेय?"

"मिणमिणत होती. म्हटलं करंट कमी पडतोय. बटणापाशी वायर सैल झाली होती, ती बदलली. आता चालू आहे."

"मग फोन कशाला केलात?"

"सहज," पप्पा म्हणाले. "जेवलीस का?"

– तृतीय वर्ष, ई अँड टीसी